बारीक किडे टिपणाऱ्या ट्राऊटसाठी ड्राय फ्लाय कशी निवडायची

संध्याकाळची वेळ, वारा पडलेला, समोरच्या डोहात दहा-बारा ठिकाणी बारीक वलयं उठतायत, म्हणजे ट्राऊट वर येऊन काहीतरी खातायत हे उघडच आहे, आणि तुमची फ्लाय (हुकवर पिसं-दोरा बांधून केलेला खोटा किडा, पाण्यावर तरंगणारी असली की ड्राय फ्लाय) त्यांच्या मधून डुलत डुलत जाते आणि एकही मासा तिच्याकडे ढुंकून बघत नाही. मग डबी उघडायची, दुसरी लावायची, तिला पण कोणी विचारत नाही, मग तिसरी, आणि अंधार पडेपर्यंत हाच उद्योग. मी हे इतकी वर्षं केलंय की आता नवीन कोणी असं करताना दिसलं की हसू पण येतं आणि कीवही येते. गंमत म्हणजे बहुतेक वेळा डबीत बरोबर फ्लाय असते, फक्त आपण निवडताना उलट्या टोकाने सुरू करतो. आधी रंग बघतो, मग कुठला पॅटर्न, म्हणजे फ्लायचा नमुना, फेमस आहे ते बघतो, आणि साइजचा विचार सगळ्यात शेवटी.

माझा क्रम असा आहे: किडा केवढा आहे, मग तो पाण्यावर कसा बसलाय, आणि मग वेळ उरला तर रंग. मोठ्या किड्यांच्या बाबतीत ह्यात थोडं इकडेतिकडे चालून जातं, पण किडा अर्ध्या सेंटीमीटरच्या आतला असला की हा क्रम मोडायचा नाही.

साइजचं का एवढं, तर साधं गणित बघा. हुकचा नंबर जितका मोठा तितका हुक बारीक हे माहीत असेलच. १८ नंबरच्या फ्लायचं अंग साधारण ६ मिलिमीटर, २० चं ५ च्या आसपास, २२ चं ४, २४ चं ३ (कंपनीप्रमाणे थोडा फरक पडतो, काही जणांचा २० दुसऱ्यांच्या १८ एवढा असतो). आता १० मिलिमीटरच्या किड्याला एक मिलिमीटर जास्तीची फ्लाय लावली तर फरक दहाव्या हिश्श्याचा, मासा चालवून घेतो. पण किडा ४ मिलिमीटरचा आणि फ्लाय ५ ची, म्हणजे सरळ पाव हिस्सा जास्त. आपल्याला हातात घेऊन कळत नाही पण मासा गेला तासभर एकाच मापाचे शेकडो किडे खात बसलाय, त्याच्या डोळ्याला ते माप बसलंय. म्हणून बारीक किड्यांच्या वेळी शंका आली तर एक माप लहान फ्लाय लावायची, मोठी नाही. माझा अनुभव असा की लहान फ्लायला मासा नाक मुरडत नाही, मोठीला हमखास मुरडतो.

तर पाण्यावर पोचलात की पहिलं काम म्हणजे रॉड बाजूला ठेवायचा. दहा मिनिटं. हे सांगायला सोपं आणि करायला फार अवघड आहे कारण समोर मासे उड्या मारत असताना हात शिवशिवतात, पण ही दहा मिनिटं पुढचा तास वाचवतात. मासे खातायत त्याच्या खालच्या बाजूला, जिथे फेसाची रेघ वाहत येते तिथे काठावर गुडघ्यावर बसा आणि डोळे पाण्याच्या अगदी जवळ न्या. उभं राहून बारीक किडे दिसत नाहीत, कितीही चष्मा लावा. पाण्यात ते जे वाहून जातात ते खालून तिरप्या उजेडातच दिसतात. शक्य असेल तर एक बारीक जाळी जवळ ठेवा, मत्स्यालयात वापरतात ती चालते, किंवा हातजाळीवर जुना नायलॉनचा पायमोजा ताणून बसवला तरी काम होतं. फेसाच्या रेघेत ती मिनिटभर अर्धी बुडवून धरायची आणि मग पांढऱ्या कशावर तरी उलटी करून बघायचं. काय काय सापडतं ते बघून पहिल्यांदा माणूस चाट पडतो.

ह्यातली एक गोष्ट सांगतो म्हणजे जाळीचं महत्त्व पटेल. एकदा पाण्यावर मोठ्या मेफ्लाय (नावात फ्लाय असली तरी हा खरा किडा) उतरल्या होत्या, शिडाच्या होड्यांसारख्या पंख उभे करून वाहत होत्या, छान १४ नंबरच्या, कोणालाही दिसतील अशा. मी अर्थातच १४ लावली. मासे वर येत होते, माझ्या फ्लायच्या वीतभर बाजूला टिपत होते, माझी सोडून. मी रंग बदलला, पंख वेगळे असलेली लावली, टिपेट (फ्लायला बांधलेला शेवटचा बारीक दोरा) बदललं, सहा फ्लाय झाल्या. शेवटी वैतागून काठावर बसलो तेव्हा नाकासमोरच्या पाण्यात दिसलं की त्या मोठ्या होड्यांच्या मधून काळे ठिपके वाहतायत, शेकड्याने, प्रत्येक ठिपक्याला दोन्ही बाजूंना काचेसारखे पंख आडवे पसरलेले. मासे ते खात होते. आणि मग नीट बघितलं तर एक मोठी मेफ्लाय चक्क एका माशाच्या डोक्यावरून गेली आणि त्याने तिच्या शेजारचा ठिपका टिपला. मोठे किडे आपल्या डोळ्यासाठी असतात, मासा मात्र जे भरपूर आहे आणि पळून जाणार नाही तेच धरून बसतो. तेव्हापासून माझा नियम आहे, जे सहज दिसतंय त्यावर पहिल्या पाच मिनिटांत विश्वास ठेवायचा नाही.

आता मासा वर कसा येतोय ते बघा, ह्यातून अर्धं उत्तर मिळतं. नुसतं नाक वर येऊन बारीक वलय उठलं, आवाज जवळजवळ नाही, आणि मागे एखादा बुडबुडा राहिला, तर त्याने पाण्याच्या वरून काहीतरी घेतलं असं बहुतेक वेळा समजायला हरकत नाही, कारण किड्याबरोबर थोडी हवा तोंडात जाते आणि कल्ल्यांतून बुडबुडा होऊन सुटते. पाठ आणि पाठीवरचा पर दिसतो, कधी शेपटीचं टोक पण दिसतं, पण नाक दिसतच नाही आणि बुडबुडाही नाही, तर तो पाण्याच्या सायीच्या खाली लटकलेले किडे खातोय, जे अजून पंख फुटून मोकळे झालेले नाहीत. अशा माशापुढे उंच तरंगणारी फ्लाय टाकणं म्हणजे वेळ घालवणं. आणि धपकन पाणी उडवून घेत असेल तर किडा पळणारा आहे, कॅडिस वगैरे, तो विषय वेगळा. बारीक किड्यांसाठी मासा कधीच घाई करत नाही, त्याला माहीत असतं की हे कुठे जाणार नाहीत.

का जाणार नाहीत? तर पाण्याचा पृष्ठताण. आपल्याला पाणी म्हणजे पाणी, पण ३-४ मिलिमीटरच्या किड्यासाठी तो वरचा पापुद्रा म्हणजे चिवट पडदा असतो. खालून वर येऊन तो फोडायचा, कात टाकायची, पंख वाळवायचे आणि उडायचं, ह्यात कितीतरी जण अर्ध्यात अडकून मरतात, कोणाचं कोषाचं टरफल शेपटीला चिकटून राहतं, कोणाचा एकच पंख सुटतो. माशाला असे अडकलेले फार आवडतात. म्हणून माझ्या डबीत बारीक साइजमध्ये निम्म्याहून जास्त फ्लाय ह्या अडकलेल्या अवस्थेतल्या आहेत, म्हणजे इमर्जर, आणि उभ्या पंखांच्या देखण्या फ्लाय फार थोड्या.

किडे ओळखायला शास्त्रीय नावं पाठ करायची गरज नाही, चार-पाच मंडळी ओळखता आली की पुरे. सगळ्यात जास्त भेटणारे म्हणजे मिज, आपल्या भाषेत चिलटं म्हणा, डासासारखीच दिसतात पण चावत नाहीत. दोनच पंख, ते अंगापेक्षा थोडे आखूड आणि पाठीवर आडवे ठेवलेले, शेपट्या नाहीत. वर्षभर निघतात, ऐन थंडीत दुसरं काही नसताना पण. मेफ्लाय असेल तर पंख पाठीवर उभे आणि मागे दोन किंवा तीन लांब शेपट्या. ह्यांच्यातल्या बारीक जाती म्हणजे बीटिस, ज्यांना सगळे ब्लू विंग्ड ऑलिव्ह म्हणतात, त्या ढगाळ, गार, रिमझिम दिवशी जोरात निघतात आणि अशा हवेत पंख वाळायला वेळ लागतो म्हणून पाण्यावर जास्त वेळ बसून राहतात, गळवाल्यांची चंगळ. अमेरिकेत ट्रायको आणि युरोपात केनिस ह्या त्याहून बारीक, २० ते २४ नंबरच्या. केनिसला तर तिकडचे गळवाले वैतागून शापच म्हणतात, कारण त्या निघाल्या की मासे वेड्यासारखे खातात आणि हाताला काही लागत नाही. मग मुंग्या, पंखवाल्या मुंग्या दमट गरम दिवशी पाण्यावर पडल्या की मासे बाकी सगळं सोडून देतात. आणि झाडाची पानं गळायला लागली की त्यावरचा मावा पाण्यात पडतो, हिरवट, टाचणीच्या डोक्याएवढा, तोही खातात.

मेफ्लायची एक खासियत लक्षात ठेवा कारण फ्लाय निवडताना तिचा थेट उपयोग आहे. पंख फुटल्यावर परत एकदा कात टाकणारा हा एकच किडा. पाण्यातून निघतो तेव्हा धुरकट पंखांचा डन असतो, काठावरच्या झुडपात जाऊन परत कात टाकतो आणि काचेसारख्या पंखांचा स्पिनर होतो, मग जोडी जुळते, अंडी घालून होतात, आणि मेलेले स्पिनर पंख पसरून पाण्यावर सपाट पडतात. म्हणजे एकाच किड्याचे माशासाठी तीन वेगवेगळे पदार्थ: लटकलेला इमर्जर, उभ्या पंखाचा डन, आडव्या पंखाचा स्पिनर. रंग सारखाच असला तरी पाण्यावरची बैठक पूर्ण वेगळी. माझ्या त्या काळ्या ठिपक्यांच्या गोष्टीत मासे स्पिनर खात होते आणि मी डन टाकत होतो, वर साइज पण चुकीची, म्हणजे दोन्हीकडून मार.

हीच ती बैठक, जिचा विचार साइजनंतर लगेच करायचा. फ्लाय तीन प्रकारे बसते. एक, पाण्यावर पिसांच्या टोकांवर उभी, अंग पाण्याच्या वर. दोन, अंग पाण्याच्या पापुद्र्यातच सपाट पडलेलं. तीन, अंग खाली लटकलेलं आणि फक्त वरचं टोक पंखासारखं वर. बारीक किड्यांच्या वेळी दुसरी आणि तिसरी जास्त चालते. दुकानात मात्र पहिल्या प्रकारच्या जास्त मिळतात कारण त्या हातात छान दिसतात.

कुठल्या घ्यायच्या ते सांगतो, पण हे माझं मत आहे, दुसरा दुसरं सांगेल. पहिली ग्रिफिथ्स नॅट, १८ ते २२. मोराच्या पिसाच्या तंतूंचं अंग आणि त्यावर पुढून मागेपर्यंत गुंडाळलेलं काळं-पांढरं कोंबड्याचं पीस, बस एवढंच. अमेरिकेतल्या ट्राऊट अनलिमिटेड ह्या संस्थेच्या स्थापनेत (१९५९) पुढाकार घेणाऱ्या जॉर्ज ग्रिफिथ यांच्या नावाने ओळखतात. हिची कमाल अशी की ती एक चिलट म्हणूनही चालते आणि दोन-चार चिलटं एकमेकांना चिकटून गोळा झालेली असतात तो गोळा म्हणूनही चालते, आणि गोळा असेल तर तुम्ही १८ किंवा १६ सुद्धा टाकू शकता, बारीक किड्यांत मोठी फ्लाय टाकायची ही एकच सवलत. दुसरी पॅराशूट अॅडम्स. मूळ अॅडम्स १९२२ मध्ये मिशिगनमध्ये लेन हॅलाडे यांनी बांधली, राखाडी अंग आणि तपकिरी व करडं मिसळलेलं पीस, आणि ती नक्की कुठल्याच किड्यासारखी नाही म्हणूनच सगळ्यांसारखी दिसते. पॅराशूट प्रकारात पीस पंखाच्या दांड्याभोवती आडवं गुंडाळतात त्यामुळे अंग खाली पापुद्र्यात बसतं, बारीक साइजमध्ये हीच घ्या, मूळची उभी नको.

तिसरी सीडीसीची कुठलीही साधी फ्लाय. सीडीसी म्हणजे बदकाच्या शेपटीजवळच्या तेलग्रंथीभोवतीची मऊ पिसं, त्यांच्या बारीक तंतूंत हवा अडकते आणि त्यामुळे ती तरंगतात. मारियान फ्रात्निक यांची एफ फ्लाय ह्यातली सगळ्यात सोपी, हुकवर दोरा गुंडाळायचा आणि वर सीडीसीची दोन-तीन पिसं मागे झोपवून कापायची, झालं. दिसायला अगदीच कशीतरी, पहिल्यांदा बघून मला वाटलं कोणीतरी अर्धवट सोडलीय, पण पाण्यावर पडली की अशी बसते की काय सांगू. स्वतः बांधायला शिकत असाल तर सुरुवात हिच्यापासूनच करा, २० नंबरवर उगाच शेपटी, अंग, छाती असलं काही करत बसू नका. चौथी आडव्या पंखांची स्पिनर, काळी आणि गंजासारखी लालसर, २० ते २४. आणि पाचवी मुंगी, १८-२०, जिच्यात कंबर बारीक दिसलीच पाहिजे, दोन गोळे आणि मधे बारीक कंबर, कंबर भरली की ती मुंगी राहत नाही.

विकत घेताना एक बघाच. बारीक फ्लायवर बांधणारे सवयीने जास्त माल भरतात. हुकचा दांडा आणि टोक ह्यांच्यामधली फट मोकळी आहे का ते उजेडात धरून बघा, फट भरलेली असली तर मासा तोंडात घेईल पण हुक लागणारच नाही. हुकच्या डोळ्याचं, म्हणजे टिपेट ओवायचं, भोक पण बघा, वॉर्निशने बुजलेलं असतं, मग अंधारात काठावर टिपेट ओवताना सगळे देव आठवतात. सुईने ते घरीच मोकळं करून ठेवायचं. हुकच्या टोकामागचा उलटा काटा पण घरीच पकडीने हलकेच दाबून टाका, बारीक हुकवर एकदम जोर दिला तर टोकच तुटतं.

खिशात बारीक कात्री ठेवली तर एकाच फ्लायच्या तीन होतात. ग्रिफिथ्स नॅट घ्या, खालच्या बाजूची पिसं सपाट कापा, आता ती उंच न बसता पापुद्र्यात बसेल. तरी घेत नाहीयेत तर वरची पण थोडी कापा, फक्त दोन्ही बाजूंची ठेवा, झाली जवळजवळ स्पिनर. पॅराशूटची शेपटी अर्धी कापून मागच्या भागाला थुंकी लावून तो भिजवा, मागचा भाग बुडतो, इमर्जर तयार. मी तर काठावर जेवढ्या फ्लाय बदलतो त्यापेक्षा जास्त वेळा कात्री चालवतो. जपून मात्र, कापलेलं परत चिकटत नाही, त्यामुळे आधी एका बाजूने थोडंच कापून एक-दोनदा पाण्यावर टाकून बघा.

रंगाबद्दल मी फार लिहिणार नाही. मासा खालून बघतो, मागे आकाशाचा उजेड, त्यामुळे त्याला आधी आकृती दिसते. गडद आणि फिकट एवढा फरक पाळा: किडा काळपट तर काळी किंवा गडद राखाडी, किडा पिवळट-हिरवट तर ऑलिव्ह, पांढुरका तर क्रीम. जाळीतला किडा ओला असताना त्याचं पोट बघा, पाठ नाही. आपण पाठीचा रंग जुळवतो आणि मासा पोट बघतो, हा घोळ कित्येक जण वर्षानुवर्षं करतात.

आता मासा खालून काय बघतो ते समजून घेतलं की फ्लाय नेमकी कुठे टाकायची ते पण कळतं. पाण्यातून वर बघताना प्रकाश वाकतो आणि त्यामुळे माशाला बाहेरचं जग एका गोल खिडकीतूनच दिसतं, खिडकीच्या बाहेर सगळा आरसा. ह्या खिडकीची रुंदी माशाच्या खोलीच्या सव्वादोन पट असते. मासा ६० सेंटीमीटर खाली असेल तर खिडकी १३५ सेंटीमीटरच्या आसपास. पण बारीक किडे खाताना तो इतक्या खालून वर ये-जा करत नाही, परवडत नाही, तो पाण्याच्या अगदी खाली तरंगत राहतो आणि नुसतं नाक वर करतो. १५ सेंटीमीटर खाली असेल तर खिडकी फक्त ३४ सेंटीमीटरची, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंना एक वीत सुद्धा नाही. तुमची फ्लाय हातभर बाजूने गेली तर त्याला ती दिसलीच नाही, आणि आपण म्हणतो घेतली नाही! म्हणून चार-पाच वेळा बरोबर त्याच्या रेघेतून गेल्याशिवाय फ्लाय बदलायचीच नाही. त्यात परत त्याची एक लय असते, टिपतो, थांबतो, टिपतो, ती मोजा आणि त्याच्या वर येण्याच्या वेळेला फ्लाय तिथे पोचेल अशी सोडा.

टिपेटचं पण लगेच सांगून टाकतो कारण ते फ्लायच्या निवडीचाच भाग आहे. जाड टिपेटवर बारीक फ्लाय म्हणजे काठीला बांधलेलं पाखरू, ती पाण्याबरोबर वाहतच नाही. हुकच्या नंबरला ३ ने भागा, जो आकडा येईल तेवढ्या एक्सचं टिपेट (एक्स हे जाडीचं माप, आकडा मोठा तितकं टिपेट बारीक): १८ ला ६एक्स, २१-२२ ला ७एक्स. ६एक्स म्हणजे ०.१२७ मिलिमीटर, ७एक्स ०.१०२. मासे मोठे असतील तर ४ ने भागा, २४ ला पण ६एक्स चालवा, मासा दमवत बसण्यापेक्षा ते बरं. ड्राय फ्लायला साधं नायलॉन घ्या, फ्लुरोकार्बन जड असतं, बुडतं आणि बारीक फ्लायला खाली ओढतं. आणि टिपेट लांब ठेवा, चांगलं तीन-चार फूट, ते पाण्यावर वेटोळी होऊन पडलं पाहिजे, म्हणजे ती वेटोळी सुटेपर्यंत फ्लाय मोकळी वाहते. लाईनच्या ओढीने फ्लाय पाण्यापेक्षा जरा जरी हळू किंवा जोरात सरकली की संपलं. ही ओढ कधी कधी इतकी बारीक असते की आपल्याला दिसत पण नाही, शेजारून वाहणाऱ्या बुडबुड्याशी फ्लायची तुलना करा, दोघं बरोबर जातायत का बघा. मला जमेल तिथे मी माशाच्या वरच्या अंगाला तिरपा उभा राहून खाली सोडतो, म्हणजे माशाला आधी फ्लाय दिसते, मागून टिपेट.

तरंगवायचं औषध लावताना एक चूक सगळे करतात, सीडीसीला जेल लावतात. लावू नका, ती पिसं चिकटून काडी होते आणि मग ती फ्लाय त्या दिवसापुरती मेली. सीडीसीला फक्त कोरडी पावडर. मासा लागून फ्लाय शेवाळल्यासारखी झाली तर पाण्यात खळखळून धुवा, सुती कपड्यात दाबून टिपा, पावडरीत हलवा, फुंकर मारा. बाकीच्यांना जेल, पण राईच्या दाण्याएवढं, बोटांवर आधी पातळ करून. आणि फ्लायच्या जवळच्या फूटभर टिपेटला जेल लागू देऊ नका, ते तरंगलं की पाण्यावर दोरखंडासारखं दिसतं, काठावरच्या चिमूटभर चिखलाने पुसून घ्या.

बरं, हे सगळं केलं पण २२ नंबरची फ्लाय आपल्यालाच दिसत नाही, मग? दोन उपाय. एक म्हणजे पुढे १४-१६ची ठळक पॅराशूट लावायची आणि तिच्या हुकच्या वाकाला दीड-दोन फूट टिपेट बांधून मागे बारीक फ्लाय. पुढची दिसते, मागची त्याच्या आसपास आहे हे माहीत असतं, तिथे कुठेही वलय उठलं की हळूच उचलायचं. दुसरं म्हणजे पाणी चांदीसारखं चमकत असताना पांढऱ्या दांड्याऐवजी काळ्या दांड्याची पॅराशूट घ्यायची, चमकत्या पाण्यावर काळं जास्त उठून दिसतं. मला हे कळायला बरीच वर्षं गेली, मी गुलाबी, नारिंगी सगळं करून बसलो होतो.

मासा काय सांगतोय ते ऐका. अजिबात बघत नाही तर बहुधा फ्लाय रेघेत नाही किंवा ओढ लागतेय, फ्लायला हात लावू नका, जागा बदला. वर येतो, नाक फ्लायपर्यंत आणतो, तिच्याबरोबर थोडा मागे सरकतो आणि वळून जातो, तर काम जवळ आलंय, फ्लाय एक माप लहान करा किंवा तीच फ्लाय कापून खाली बसवा. ह्यातही मी आधी टिपेट बदलतो, मग फ्लाय. आणि टिपणंच बंद केलं तर तुम्ही त्याला बिथरवलंय, लाईन वर घ्या आणि त्याची पुढची तीन टिपणं होईपर्यंत हलू नका. तो परत सुरू होतो. दुसऱ्या माशाकडे धावलात तर दोन्ही जातात.

घेतली की झटका मारायचा नाही. बारीक हुक आणि बारीक टिपेट, झटक्याने एक तर तुटतं नाही तर निसटतं. रॉडचं टोक नुसतं वर करायचं, घड्याळातल्या काट्यासारखं, आणि मासा पळाला तर लगेच लाईन सोडायची. मऊ टोकाचा रॉड असला की हे आपोआप होतं. दमवू नका, हात ओले करून पाण्यातच हुक काढा. पाण्याचं तापमान २० अंशांच्या वर असेल तर मुळात गळ टाकूच नका, गरम पाण्यात ऑक्सिजन कमी असतो आणि सोडलेला मासा नंतर मरतो.

घरी आल्यावर डबी उघडी ठेवून रात्रभर वाळू द्या. २२ नंबरच्या तारेला गंज चढायला एक रात्र पुरते, आणि तो नेमका डोळ्याच्या आतून चढतो, दिसत नाही, पुढच्या वेळी गाठ आवळताना टिपेट तिथेच कापलं जातं.